परक्या भाषेतला करार आणि बोटाने केलेली सही : एका परिचारिकेचं प्रकरण

मी पुण्यात जर्मन-मराठी अनुवादाचं काम करते. या प्रकरणात माझा वाटा एका वहीच्या अनुवादापुरता आणि थोड्या दुभाषीपणापुरताच होता, पण सगळे कागद माझ्या नजरेखालून गेले. संबंधित मुलीच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, तारखा आणि काही तपशील बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

मिरज परिसरातली एक मुलगी. जीएनएम म्हणजे परिचारिकेची पदविका झालेली, खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या करून कंटाळलेली. २०२२ साली तिने जर्मन शिकायला घेतलं. सकाळी ऑनलाइन वर्ग, दुपारी झोप, रात्री वॉर्ड. वर्षभरात बी-वन ही मधल्या पातळीची भाषापरीक्षा उत्तीर्ण झाली आणि एका एजन्सीमार्फत दक्षिण जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. बाडेन-वुर्टेम्बर्ग हे ते राज्य. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पण ही मुलगी त्याआधीच आणि स्वतःच्या हिमतीवर गेलेली.

भारतातली परिचारिका जर्मनीत उतरली की लगेच परिचारिका होत नाही. तिथल्या यंत्रणेने तिच्या शिक्षणाला मान्यता द्यावी लागते. त्यासाठी पूरक प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. तोवर ती मदतनीस म्हणून आणि मदतनिसाच्या पगारावर काम करते. नोकरीचा करार मात्र आधीच व्हावा लागतो, कारण व्हिसाच्या अर्जाला तो जोडायचा असतो.

करार आला एका शुक्रवारी संध्याकाळी. चौदा पानांची पीडीएफ, सगळी जर्मनमध्ये, आणि सही करायची लिंक. सोबतच्या इंग्रजी मेलमध्ये एक पानभर सारांश होता: दोन वर्षांची नोकरी, पगार इतका, आठवड्याला ३९ तास, जादा कामाचे पैसे किंवा बदली सुट्टी. शेवटी एक ओळ होती. व्हिसाची तारीख धरायची असेल तर सोमवारपर्यंत सही हवी.

शनिवारभर ती शब्दकोश घेऊन बसली. तिसऱ्या पानावर अडकली. बी-वनच्या परीक्षेत गाडी उशिरा येणार असल्याची सूचना वाचता येते, घरमालकाला पत्र लिहिता येतं. पण ‘हक्क विहित मुदतीत न मागितल्यास लोप पावतात’ हे पाच ओळींचं, क्रियापद पार शेवटी असलेलं जर्मन वाक्य त्या परीक्षेत येत नाही. रविवारी रात्री वडील म्हणाले, “करून टाक बाई सही. इतकं केलंस, आता एका कागदापायी जागा जायला नको.” रात्री अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी तिने मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सही केली. ही वेळ मला तिने सांगितलेली नाही. पीडीएफच्या शेवटच्या पानावर ती छापलेली आहे, आणि पुढे हेच पान सगळ्यात महत्त्वाचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: अभिनंदन, करार झाला आहे, आम्ही वाट पाहतो.

अडचण कुठे सुरू झाली

पहिले तीन-चार महिने ठीक गेले. मग माणसं कमी पडू लागली आणि पाळी संपल्यावर थांबणं रोजचं झालं. कधी अर्धा तास, कधी दोन. पगारपत्रकात त्याचा मागमूस नव्हता. चौदाव्या महिन्यात ती ज्ञानपरीक्षा उत्तीर्ण झाली, पूर्ण परिचारिका झाली, पगार वाढला. तेव्हा कुठे तिने कार्यालयात जादा तासांचा विषय काढला.

उत्तरात तिला तिचाच करार दाखवला गेला. एका कलमात लिहिलं होतं की जादा काम पगारातच धरलेलं आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की कोणतीही मागणी तीन महिन्यांच्या आत लेखी केली नाही तर ती संपते. आणि तिने विचारलंच नव्हतं असं तिसरं कलमही त्याच बैठकीत पुढे आलं. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर, कारण कोणतंही असो, तिला आणण्याचा आणि भाषावर्गाचा खर्च म्हणून ७,५०० युरो परत करायचे.

दोन वर्षं संपायला अडीच महिने उरले असताना सांगण्यात आलं की करार मुदतीचा आहे आणि तो वाढवायचं ठरलेलं नाही. म्हणजे नोकरीही जाणार. आणि डोक्यावर ७,५०० युरोंची टांगती तलवार. खरं तर आश्रमानेच करार वाढवला नाही तर ती ‘सोडून जाते’ असं म्हणता येत नाही. पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही.

तिच्या भावाचा मला फोन आला तो या टप्प्यावर. “मॅडम, तिला जर्मन धड येत नव्हतं तेव्हा सही घेतली त्यांनी. असला करार चालतो का हो?”

पहिला सल्ला, आणि तो का सोडून द्यावा लागला

भावाने सांगलीतल्या एका ओळखीच्या वकिलांना आधीच विचारलं होतं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १३ म्हणतं की दोन पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाले तरच संमती. भाषाच कळली नाही तर एक अर्थ कुठून येणार? सबब करार रद्द.

ऐकायला पटतं. पण अडचणी दोन.

पहिली अडचण अशी की या कराराला भारतीय कायदा लागूच होत नाही. युरोपीय संघाच्या ‘रोम एक’ नियमावलीनुसार, वेगळं काही ठरवलं नसेल तर कामगार नेहमी जिथे काम करतो तिथला कायदा नोकरीच्या कराराला लागू होतो. आणि वेगळं ठरवलं तरी तिथल्या कायद्याने दिलेलं सक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही. काम जर्मनीत, म्हणून कायदाही जर्मन.

दुसरी अडचण जास्त बोचरी होती. जर्मन संघीय कामगार न्यायालयाने १९ मार्च २०१४ रोजी नेमक्या याच प्रश्नावर निकाल दिलेला आहे. एक पोर्तुगीज ट्रकचालक. नोकरीची बोलणी पोर्तुगीजमध्ये झाली, करार जर्मनमध्ये, आणि त्याला जर्मन येत नव्हतं. करारात मागण्यांच्या मुदतीचं असंच एक कलम होतं. न्यायालय म्हणालं, कलम लागू होतं. परक्या भाषेतल्या करारावर सही करायला कोणी बांधील नसतं. वेळ मागता येतो, भाषांतर करून घेता येतं. न वाचता केलेली सही ही ज्याने केली त्याची जोखीम. जर्मन वकील याला ‘श्प्राखरिझिको’ म्हणतात, म्हणजे भाषेची जोखीम.

आमच्या मुलीची बाजू त्या चालकापेक्षाही लंगडी होती. तिच्या फायलीत बी-वनचं प्रमाणपत्र होतं! ज्या कागदाने तिला नोकरी मिळवून दिली, तोच कागद ‘मला जर्मन येत नव्हतं’ हे म्हणणं खोडून काढणार होता.

इथे एक गोष्ट जाता जाता. भारतातही याहून फार वेगळं उत्तर मिळालं नसतं. करार अमुक भाषेतच हवा असं आपला करार कायदा म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १०-अ म्हणतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्या कारणावरून करार अवैध ठरत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या खटल्यात ईमेलवर ठरलेला करार मान्य केला. आणि सही करणाऱ्याने मजकूर वाचला नसला तरी तो सहसा बांधला जातो, हेही आपल्याकडे जुनं सूत्र आहे. निरक्षर किंवा दबावाखालच्या माणसाला संरक्षण मिळतं, पण जीएनएम झालेल्या आणि जर्मनची परीक्षा दिलेल्या बाईला त्या रांगेत उभं करणं कठीण. आपण बँकेत इंग्रजी कर्जफॉर्मवर ‘वाचले, समजले’च्या खाली सह्या ठोकतो तेव्हा नेमकी हीच जोखीम घेत असतो.

तिसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. समजा, करार रद्द झालाच, तर? तिचा जर्मनीत राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. मागच्या कामाचे पैसे कदाचित मिळाले असते, पण पुढची नोकरी तिनेच स्वतःच्या हाताने बुडवली असती. तिला करार मोडायचा नव्हता. तिला त्यातला जाच नको होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला आम्हा सगळ्यांना दोन-तीन आठवडे लागले. जर्मन कायदा हा फरक मुळातच करतो: आधीच छापून ठेवलेल्या अटींमधलं एखादं कलम अवैध ठरलं तर ते गळतं, बाकीचा करार उभा राहतो.

समोरचे पर्याय

तिने ‘फेअर इंटिग्रेशन’ या मोफत सल्लाकेंद्राची वेळ घेतली. युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांना नोकरीतल्या हक्कांबद्दल सल्ला देणारी ही केंद्रं जर्मनीच्या प्रत्येक राज्यात आहेत. परदेशातून माणूस आणणाऱ्या मालकाने त्याला अशा सल्ल्याची माहिती कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत दिलीच पाहिजे, असा नियम जानेवारी २०२६ पासून आला. तिच्या वेळी तो नव्हता. केंद्राचा पत्ता तिला दुसऱ्या एका केरळी परिचारिकेकडून मिळाला.

व्हिडिओ कॉलवर मीही होते, दुभाषी म्हणून. सल्लागार बाईंनी भाषेचा मुद्दा दोन मिनिटांत बाजूला ठेवला आणि विचारलं, “सही कशी केलीत?”

“मोबाइलवर. बोटाने.”

“आणि त्यांनी?”

त्यांची सही म्हणजे स्कॅन केलेलं चित्र होतं. बाईंनी पीडीएफ उघडली, सह्यांची तपासणी करणारी चौकट पाहिली. पात्र इलेक्ट्रॉनिक सही एकही नाही. मग शेवटचं पान. वेळ २३:४१, आयपी पत्ता, आणि सहीचा प्रकार: साधी.

मला आधी कळेना की यात एवढं काय आहे. साध्या इलेक्ट्रॉनिक सहीने करार होत नाही का? होतो. जर्मनीत नोकरीचा करार तोंडीसुद्धा होतो. पण त्यातली *मुदत* तोंडी ठरत नाही. अर्धवेळ आणि मुदतीच्या नोकऱ्यांविषयीच्या कायद्यातलं कलम १४ म्हणतं की नोकरी ठराविक काळापुरती असल्याची अट लेखी हवी. लेखी म्हणजे कागदावर शाईची सही, किंवा तिला पर्याय म्हणून पात्र इलेक्ट्रॉनिक सही. अशा सहीत ओळख पटवून, मान्यताप्राप्त सेवादात्याने दिलेलं प्रमाणपत्र असावं लागतं. बोटाने ओढलेली रेघ किंवा सहीचा फोटो त्यात बसत नाही. बर्लिनच्या कामगार न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये एका ई-सहीच्या करारात हेच ठरवलं. मार्च २०२२ मध्ये तिथल्या वरिष्ठ कामगार न्यायालयाने स्कॅन केलेल्या सहीबाबतही तेच म्हटलं. आणि लेखी स्वरूप नसल्याने मुदत अवैध ठरली की त्याच कायद्यातलं कलम १६ सांगतं, करार बेमुदत झाला असं समजायचं.

थोडक्यात, ज्या भाषेला आम्ही दोष देत होतो तिच्यात कायद्याला काही खटकत नव्हतं. फट होती ती सहीत, आणि ती मालकानेच ठेवली होती. दोन प्रती छापून, शाईने सही करून मिरजेला कुरिअर करायला फार तर दोन आठवडे लागले असते.

आता पर्याय स्पष्ट दिसू लागले. गप्प बसून दुसरी नोकरी शोधायची. मान्यता मिळालेली असल्याने ती सापडलीही असती, पण जादा तासांवर पाणी सोडावं लागलं असतं. किंवा आश्रमाने मधल्या काळात पुढे केलेल्या, परस्पर संमतीने नोकरी संपवण्याच्या कागदावर सही करायची. त्यात लिहिलं होतं की ७,५०० युरो मागणार नाही, बदल्यात तिनेही काही मागायचं नाही. हा कागदही जर्मनमध्येच होता, आणि या वेळी तो पेनने सही करायचा होता. मालक शिकला होता म्हणायचं! किंवा मग करार वैध धरून एकेका कलमाशी भांडायचं आणि मुदतीला आव्हान द्यायचं.

दुसरा पर्याय तिला सर्वात जास्त मोहात पाडत होता. भांडण नाही, कर्ज नाही, मोकळं व्हायचं. सल्लागार बाईंनी ‘करू नका’ म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “७,५०० ची भीती काढून टाकली तर तुम्ही सही कराल का?” आणि मग ती भीती किती खरी आहे ते सांगितलं. नोकरी कोणत्याही कारणाने सुटली तरी पैसे परत करा, असं सरसकट लिहिलेलं कलम जर्मन न्यायालयं टिकू देत नाहीत. संघीय कामगार न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये एका प्रशिक्षणाच्या परतफेडीबाबत सांगितलं की कामगार स्वतःची चूक नसताना काम करू शकत नसेल तो प्रसंगही वगळलेला नसेल, तर कलम अन्यायकारक. इथे तर काहीच वगळलेलं नव्हतं.

तीन महिन्यांच्या मुदतीच्या कलमाचीही तीच गत. त्या पोर्तुगीज चालकाला ते कलम बांधत होतं. पण मधल्या काळात जर्मनीत किमान वेतन आलं. कराराने ज्यावर पाणी सोडता येत नाही असं किमान वेतनही आपल्या पोटात घेणारं, काहीच अपवाद न ठेवणारं कलम न्यायालयाने अवैध ठरवलं: वृद्धसेवेतल्या किमान वेतनाबाबत ऑगस्ट २०१६ मध्ये आणि सर्वसाधारण किमान वेतनाबाबत सप्टेंबर २०१८ मध्ये. कलम गेलं की उरते ती कायद्यातली नेहमीची, वर्ष संपल्यापासून तीन वर्षांची मुदत. जादा काम पगारातच धरण्याचं कलमही, किती तास ते न सांगितल्याने, धूसर म्हणून गळण्यासारखं. त्यात इंग्रजी मेलमधल्या सारांशात नेमकं उलट वचन होतं. वेगळं, व्यक्तिशः दिलेलं वचन छापील अटींवर मात करतं असं जर्मन नागरी संहिता म्हणते. मुलीने तो मेल ठेवला होता का? ठेवला होता. आईच्या वाढदिवसाच्या फोटोंसोबत ‘महत्त्वाचं’ नावाच्या फोल्डरमध्ये.

काय केलं

पहिली कृती साधी: जादा तासांची यादी जोडून जर्मनमध्ये मागणीचा मेल, आणि तोच मजकूर कागदावर, रजिस्टर टपालाने. कलम अवैध असेल असं वाटत असलं तरी मागच्या तीन महिन्यांचे तास तरी कुठल्याही परिस्थितीत हातचे जाऊ नयेत म्हणून.

या यादीसाठी माझ्याकडे वही आली. शंभर पानी, आपल्याकडची, वरती शाळेचं नाव लिहायला चौकट असलेली. ती घरून घेऊन गेली होती. रोज एक-दोन ओळी. ‘९.४० ला सुटले. खोली १२ ची आजी पडली, डॉक्टर येईपर्यंत थांबले, मोठ्या बाईंनी सांगितलं.’ ‘१०.१५. काल ज्या आल्या त्या आजच्या पाळीला आल्याच नाहीत.’ ‘८.५०. उगाच.’

करार परक्या भाषेत म्हणून जी तक्रार होती, तिचा आरसा समोर आला. आता तिचा पुरावा जर्मन न्यायाधीशाला परक्या भाषेत होता. जर्मन न्यायालयाची भाषा जर्मन, असं कायदाच सांगतो. परभाषेतल्या कागदाचं अधिकृत भाषांतर न्यायालय मागू शकतं. माझं भाषांतर सल्ल्यापुरतं. दाखल करण्यासाठी जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्यावं लागलं, आणि मराठीसाठी असे फार थोडे. ‘मोठ्या बाईंनी सांगितलं’ यावर माझी आणि त्यांची बरीच चर्चा झाली. मोठ्या बाई म्हणजे वयाने मोठ्या, की वॉर्डप्रमुख? मुलीला विचारलं. वॉर्डप्रमुख. हा शब्द पैशांचा होता, कारण जर्मन कायद्यात जादा काम मालकाने सांगितलं होतं किंवा निदान चालू दिलं होतं, हे कामगाराने दाखवावं लागतं.

दुसरी कृती, मुदतीला आव्हान. इथे सर्वात धोकादायक वळण होतं. मुदतीचा करार संपल्यापासून तीन *आठवड्यांच्या* आत दावा दाखल झाला नाही तर मुदत सुरुवातीपासून वैध होती असं धरतात. सही कितीही कच्ची असो. मुलीच्या डोक्यात तीन महिने बसले होते, कारण करारातला आकडा तोच. आणि आश्रमाचे व्यवस्थापक गोड बोलत होते: बघू, कदाचित वाढवूही, पुढच्या महिन्यात बसू या. पुढच्या महिन्यात बसली असती तर सगळं संपलं असतं.

करार संपल्यावर नवव्या दिवशी ती कामगार न्यायालयात गेली. तिथे दावे नोंदवून घेणारा एक कक्ष असतो. वकील नसला तरी तिथला कर्मचारी दावा कायद्याच्या भाषेत लिहून देतो. वकील तिने नंतर केला, आणि पहिल्या पायरीवर जिंकलं तरी वकिलाची फी ज्याची त्यालाच भरावी लागते, हे माहीत असून केला. कामगार संघटनेची सभासद आधीपासून असती तर तो खर्च कदाचित वाचला असता.

निकाल

जर्मन कामगार न्यायालयात आधी तडजोडीची सुनावणी होते. वीस-पंचवीस मिनिटं चालली. आश्रमाच्या वकिलांनी एक बरा मुद्दा काढला: रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिने कागदी प्रतीवर शाईने सही केली आहे. खरं होतं. पण मुदत काम सुरू होण्यापूर्वी लेखी हवी. आधी झालेला करार नंतर नुसता कागदावर उतरवला तर दोष धुऊन निघत नाही. ‘कागदी सही होईपर्यंत करारच होणार नाही’ असं मालकाने आधी कळवलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे मात्र मेल होता: अभिनंदन, करार झाला आहे. मालकाच्या शिष्टाचाराने मालकालाच अडकवलं.

न्यायाधीशांनी कल कुणीकडे आहे ते लपवलं नाही, आणि तडजोड झाली. नोकरी सुरुवातीपासून बेमुदत. ७,५०० युरोंची मागणी कायमची मागे. वहीतल्या सुमारे १४० तासांपैकी ९६ तासांचे पैसे. ज्या ओळींत ‘कोणी सांगितलं’ ते नव्हतं त्या गळल्या. ‘८.५०. उगाच.’ ही ओळ गळालेल्यांत पहिली.

पूर्ण विजय म्हणता येणार नाही. निकालापर्यंत गेली असती तर कदाचित जास्त मिळालं असतं, पण तिला त्याच वॉर्डात परत जायचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवार ते सोमवार हीच खरी गाठ होती. तिने मंगळवारपर्यंत वेळ मागितला असता तर जागा गेली असती का? माझा अंदाज, नसती गेली. परिचारिका मिळत नाहीत म्हणून तर हा खटाटोप. आणि वेळ मागण्याचा मेल, उत्तर काहीही आलं तरी, पुढे कामी आला असता.

चौदा पानं समजून घेणं एका रात्रीत होत नाही, पण पाच शब्द शोधणं होतं. बेफ्रिस्टुंग म्हणजे मुदत. प्रोबेत्साइट म्हणजे परिविक्षाकाळ. उबरश्टुंडन म्हणजे जादा तास. आउसश्लुसफ्रिस्ट, कधी फरफालफ्रिस्ट, म्हणजे मागण्यांची मुदत. रूकत्सालुंग म्हणजे परतफेड. पीडीएफमध्ये हे शब्द शोधायचे, ती पाच कलमं यंत्राने भाषांतरित करून घ्यायची आणि इंग्रजी सारांशाशी ताडून पाहायची. तिने हे केलं असतं तर जादा कामाबद्दलची तफावत त्याच रात्री दिसली असती. द्विभाषी प्रत मिळत असेल तर एवढंच बघायचं की वाद झाल्यास कोणती भाषा प्रमाण. तिथे बहुतेक वेळा जर्मन लिहिलेलं असतं, आणि मग दुसरा रकाना फक्त सोयीचा.

सांगलीच्या वकिलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. ‘करार चालतो का’ याऐवजी ‘कोणत्या देशाचा कायदा’ हे आधी विचारलं असतं तर दोन-तीन आठवडे वाचले असते. माझंही चुकलं. भावाचा पहिला फोन आला तेव्हा मी भाषेवरच बोलत बसले, कारण माझा धंदाच भाषेचा. शेवटचं पान मीही पाहिलं होतं. मला ते छपाईचं तळटीपवजा काहीतरी वाटलं.

एजन्सीचा हिशेब अजून बाकी आहे. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तिच्या वडिलांनी त्याच्या कितीतरी पट दिले, बरेचसे रोख. त्यासाठी मात्र कायदा भारतीय, करार इंग्रजीत, सही आधार ओटीपीने, आणि पुरावा म्हणून ईमेल दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. ती फाइल सांगलीच्या त्याच वकिलांकडे आहे.

तडजोडीनंतर बेमुदत नोकरीचा नवा कागद टपालाने आला, दोन प्रती, मालकाची निळ्या शाईतली सही. तिने नऊ दिवस घेतले. सोळा प्रश्न मेलने विचारले, त्यातल्या दोन कलमांत शब्द बदलून घेतले. मग प्रत घेऊन कार्यालयात गेली आणि तिथेच सही केली. समोरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ही तुमची सही?

“पासपोर्टवर आहे तीच,” ती म्हणाली. मराठीत आहे.